सहाशे खुर्च्या आणि त्रेचाळीस मतं

तिसाव्या दिवशी सकाळी दहा वाजता जावईबापूंनी दुकानामागच्या शेडमधलं लांब टेबल स्वतःच्या हातानं पुसलं, त्यावर दोन फायली, एक स्टेपलर आणि तीन पेनं ओळीनं मांडली आणि मगच सगळ्यांना बसायला सांगितलं. बसायला जागेची चणचण नव्हती. भाड्यानं खुर्च्या देणाऱ्याच्या घरात इतर काय हवं ते कमी पडू शकतं.

मास्तर टेबलाच्या टोकाला बसले. ती जागा त्यांनी मुद्दाम निवडली, कारण दार तिथून दोन पावलांवर होतं. सदुसष्ट वर्षांचा माणूस. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत पोरांना सांगत आला की खरं बोलणाऱ्याला कुणी मारत नाही. तोच आज पळायची वाट हेरून बसला होता. हे मास्तरांचं त्यांनाच हास्यास्पद वाटलं.

"नियम असा," जावईबापूंनी सुरुवात केली. ते एका फरशीच्या वखारीत हिशेब लिहायचे. निवडणुकीत ते बायकोचे अधिकृत प्रतिनिधी झाले आणि तेव्हापासून त्यांचं प्रत्येक वाक्य या दोन शब्दांनी सुरू होत असे. "निकालापासून तीस दिवसांत प्रत्येक उमेदवारानं खर्चाचा हिशेब द्यायचा. जिंकलेल्यानं, हरलेल्यानं, अनामत गेलेल्यानं, सगळ्यांनी. पावत्या जोडून, शपथपत्र करून. आज पाचला खिडकी बंद. चुकलं तर जिंकलेल्याचं पद जातं आणि हरलेल्याला पाच वर्षं उभं राहता येत नाही."

"हरलेल्याला उभं राहायचंय कुठे?" वहिनी म्हणाल्या, आणि सगळे मास्तरांकडे बघून हसले. मास्तरही हसले. गेला महिनाभर या विनोदाला ते सगळ्यांच्या आधी हसत आले होते.

विनोद असा होता. नगरपरिषदेला उभी राहिली होती दादांची मुलगी बेबी. खासगी दवाखान्यात नर्स, एकेचाळीस वर्षांची, दोन मुलांची आई, पण घरात बेबीच. एखाद्या कागदावरून तिचा अर्ज बाद झालाच तर हाताशी असावा म्हणून घरातूनच दुसऱ्या कुणाचा तरी अर्ज भरून ठेवायचं ठरलं. रिकामटेकडे आणि स्वच्छ अक्षराचे म्हणून मास्तरांची निवड झाली. बेबीचा अर्ज मंजूर झाला. आता मास्तरांनी फक्त एका दिवशी दुपारी तीनच्या आत जाऊन माघारीच्या कागदावर सही करायची होती. ते तीन वाजून दहा मिनिटांनी पोचले.

दोन मिनिटं उशिरा आलेल्या पोराला वर्गाच्या दाराशी उभं करणारे मास्तर! घरानं त्याचं सोनं केलं. बेबी माहेरचंच आडनाव लावायची, त्यामुळे मतपत्रिकेवर तिच्या नावाखालीच मास्तरांचं नाव आलं, आडनाव तेच, पुढे निशाणी शिट्टी. निकाल लागला तेव्हा बेबी एकोणीस मतांनी निवडून आली होती आणि मास्तरांना त्रेचाळीस मतं पडली होती.

"ते त्रेचाळीस बावळट," दादा आजही म्हणाले. मास्तरांचा थोरला भाऊ, वडिलांमागे बावीस वर्षं दुकान सांभाळलेला. "आडनाव वाचलं आणि दिलं शिक्का मारून. ओळसुद्धा नीट वाचता येत नाही लोकांना. मास्तर, तुझेच विद्यार्थी असणार."

"असतील," मास्तर म्हणाले. हे मात्र अगदी खरं होतं.

जावईबापूंनी पातळ फाईल उघडून त्यांच्यापुढे सरकवली. "काका, तुमचं सोपं आहे. सभा शून्य, गाडी शून्य, छपाई शून्य. मी सगळीकडे 'निरंक' लिहून ठेवलंय. खाली सही केली की झालं."

मास्तरांनी पेन उचललं. कागदावर सुबक अक्षरात सात वेळा 'निरंक' लिहिलेलं होतं. त्यातलं छपाईपुढचं खोटं होतं. ते खोटं आहे हे या टेबलाभोवती फक्त त्यांना माहीत होतं, आणि निवडणूक कचेरीत मात्र कागदोपत्री माहीत होतं. पत्रक कुणाचंही असो, छापखान्यानं त्याची एक प्रत आणि किंमत कचेरीला कळवायची असते. छापखानेवाल्यानं कालच भाजीच्या दुकानात हे सहज सांगितलं होतं. "तुमची प्रत तेव्हाच पाठवली हो मास्तर, काळजी नको." त्या क्षणापासून मास्तरांना काळजीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. सही केली तर खोटं शपथपत्र, आणि तेही विजयी उमेदवाराच्या सख्ख्या काकाचं. एकोणीस मतांनी हरलेला गडी असल्याच कागदाची वाट बघत बसला होता. नाही केली, तर का नाही ते इथे, आत्ता, दादांसमोर सांगावं लागणार होतं.

"काय झालं? पेन चालत नाही का?" जावईबापूंनी दुसरं पेन पुढे केलं.

"पेन चालतंय," मास्तर म्हणाले. "मी चालत नाहीये."

"अहो, म्हणजे काय?" त्यांची बायको म्हणाली. बेबीची काकू. तिला त्यांचा आवाज कळायचा.

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. वर्गात ते पोरांना सांगत, अवघड वाक्य असेल तर आधी छोटं करा. त्यांनी छोटं केलं.

"मी पत्रकं छापली होती. दोनशे. माझी. साडेचारशे खर्च आला."

जावईबापूंनी पातळ फाईल परत स्वतःकडे ओढली.

"कसली पत्रकं?" दादांनी विचारलं.

"प्रचाराची."

"कुणाच्या?"

"शिट्टीच्या," मास्तर म्हणाले, आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना किती बावळट वाटतं ते त्यांनाही कळलं.

मग उरलेलंही सांगावं लागलं. माघारीच्या दिवशी ते उशिरा पोचले नव्हते. अडीचलाच पोचले होते. कचेरीसमोर चहाच्या टपरीवर बसले, भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजेपर्यंत तीन चहा प्यायले, वर दहा मिनिटं शोभेसाठी थांबले आणि मग धापा टाकत जिना चढले. धाप खरी होती. तीन चहांची होती.

"पण का?" वहिनींनी विचारलं. "भावजी, तुम्हाला निवडून यायचं होतं?"

"छे छे," मास्तर घाईनं म्हणाले, आणि मग आज खरंच बोलायला बसलोय हे आठवून थांबले. "म्हणजे थोडंसं."

"थोडंसं!" दादांनी खुर्ची मागे सारली. "थोडंसं निवडून येतात का, गाढवा?"

"दादा, ऐक ना. बेबीच्या जाहीरनाम्यासाठी मी चार गोष्टी लिहून दिल्या होत्या. बागेतला पाण्याचा नळ पोरांच्या हाताला लागेल इतका खाली घ्यावा. शाळेपुढच्या रस्त्यावर पांढरे पट्टे. वाचनालयात मुलांसाठी बुटकं टेबल. आणि दवाखान्यात लहान मुलांची रांग वेगळी. चारही गाळल्या गेल्या."

"जागा नव्हती," जावईबापू म्हणाले.

"जागा होती. तुम्ही म्हणालात, काका, मुलांना मत नसतं."

जावईबापूंनी स्टेपलर उचलून पुन्हा ठेवला. "मग? नसतंच."

"नसतंच," मास्तर म्हणाले. "मला राग आला. या वयात राग आला की माणूस फिरायला जातो. मी निवडणुकीला उभा राहिलो."

काकूला हसू आलं. तिनं ते पदरात दाबलं, पण खांदे हलले. दादांनी तिच्याकडे असं पाहिलं, की खांदे थांबले.

"आणि वाटली कुणी ही पत्रकं?" जावईबापूंनी विचारलं. "मी अख्खा वॉर्ड पायाखाली घातला. एक दिसलं नाही मला."

इथे मास्तरांचा आवाज फारच खाली गेला. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर वीस-पंचवीस मुलं वाचनाला यायची. पत्रक त्यांनी मोठ्या टायपात छापून घेतलं होतं, सोप्या वाक्यांत, जोडाक्षरं टाळून. दोन संध्याकाळ वर्गात ते वाचून घेतलं. मग घरचा अभ्यास दिला. हे घरातल्या मोठ्या माणसांना वाचून दाखवा. शेजारी दाखवलं तर आणखी छान.

"गृहपाठ!" दादा ओरडले. "मुलीच्या विरोधात माझ्या सख्ख्या भावानं गृहपाठ दिला! आणि मी महिनाभर त्या त्रेचाळीस लोकांना बावळट म्हणतोय. त्यांनी ओळ बरोबर वाचली होती. बावळट मी!"

"मी नाही हं त्यांत," काकू मध्येच म्हणाली. "त्या त्रेचाळिसांत मला मोजत असाल, तर सांगते. मी बेबीला दिलं."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. त्रेचाळिसांतलं एक घरचं, हे त्यांनी मनात कधीच जमेला धरून टाकलं होतं.

"बघताय काय? मला कुठे माहीत होतं तुम्ही खरंच उभे आहात? आणि माहीत असतं तरी बेबीलाच दिलं असतं. इंजेक्शन देताना तिचा हात हलका आहे. तुम्ही साधा काटा काढायचा म्हटला तर अर्धा तास व्याख्यान देता."

बेबी दवाखान्याच्या पांढऱ्या कपड्यांतच आली होती, दुपारची पाळी बदलून घेऊन. हाताची घडी घालून ती मास्तरांकडे बघत होती, पेशंट ताप किती दिवसांचा ते खरं सांगतोय का, हे बघावं तशी.

"माझ्याकडे यायचं होतंत, काका."

"आलो होतो ना."

"यांच्याकडे गेला होतात. माझ्याकडे नाही आलात. माझी आणखी वीस मतं तुमच्याकडे गेली असती म्हणजे?"

शाळेत कुणाला उत्तर आलं नाही, की मास्तर त्याला बसायला सांगत. इथे ते आधीच बसलेले होते.

जावईबापूंचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. त्यांनी जाड फाईल ओढली, पेन्सिलीनं काहीतरी आकडे मांडले आणि मान वर केली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"काका, तुम्ही आम्हाला वाचवलंत!"

"मी?"

"नियम असा. बेबीच्या खर्चाची मर्यादा दीड लाख. आपला खर्च झाला एक लाख एकवीस हजार सहाशे. मी निवांत होतो. काल संध्याकाळी खिडकीवर विचारलं तर बाई म्हणाल्या, घरच्या वस्तू वापरल्या तरी त्या कचेरीच्या दरपत्रकानं खर्चात धरायच्या. खुर्ची, दिवसाला बारा. आपल्या सभा पाच. दर सभेला सहाशे खुर्च्या, बाबांनीच सांगितलेला आकडा. किती झाले?"

"छत्तीस हजार," मास्तर म्हणाले. सवयच तशी होती.

"म्हणजे एक लाख सत्तावन्न हजार सहाशे. मर्यादा गेली, पद गेलं. काल रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. बेबीलाही सांगितलं नाही. पण आता काकाच खरेखुरे उमेदवार निघाले! छापील पुरावा आहे. पाचातल्या दोन सभा काकांच्या नावावर टाकायच्या. चौदा हजार चारशे तिकडे गेले, की आपण मर्यादेत. काकांची मर्यादा तर अख्खी मोकळी आहे."

दादा पुन्हा बसले. दोन मिनिटांपूर्वी गाढव असलेला भाऊ त्यांना हळूहळू कामाचा वाटू लागला होता. "जमेल का हे?"

"का नाही जमणार? एकच आडनाव, एकच कुटुंब, एकच मैदान."

"त्या सभांत मी बोलले होते," बेबी म्हणाली. "पाचही सभांत. काका मागच्या रांगेत शेंगदाणे खात होते."

"शेंगदाणे खाणं हा गुन्हा नाही. सभा त्यांची, भाषण तुझं. पाहुणी वक्ता."

"स्वतःच्या विरोधातली पाहुणी वक्ता?"

"बेबी, पद जाईल!"

"मग जाऊ दे. जेमतेम तीस दिवस झाले मला निवडून येऊन, आणि खोट्या कागदावर बसू?"

"तू गप्प बस," दादा म्हणाले. "तुझ्यासाठी मी मैदानं घेतली. माझं नाव पणाला लावलं. मास्तर, तू बोल. सही करशील?"

सगळे पुन्हा मास्तरांकडे बघू लागले. आता नजरा वेगळ्या होत्या. जावईबापूंच्या नजरेत विनवणी होती. दादांच्या नजरेत जुना हिशेब होता. लहानपणी दादांनी त्यांच्या किती चुका वडिलांपासून लपवल्या त्याचा. फक्त बेबी बघत नव्हती. ती छताकडे बघत होती.

मास्तरांनी विचार केला. सकाळपासून ते एका खोट्या सहीला घाबरत होते, आणि आता त्याहून मोठी खोटी सही केली तर सगळं घर त्यांना माफ करणार होतं. बेबीचं पद राहील. तिला राग येईल, पण पद राहील. तिच्या पदाला धक्का लावायचा उद्योग त्यांनीच तर केला होता. फेड म्हणून हे ठीकच दिसत होतं. शिक्षकाचं आयुष्य गेलं, निदान काका म्हणून उपयोगी पडावं.

"आणा तो कागद," ते म्हणाले.

जावईबापूंनी नवा कोरा नमुना काढला. 'सभांवरील खर्च' या रकान्यात ते झरझर लिहू लागले. सभा दोन, खुर्च्या बाराशे.

"थांबा," दादा म्हणाले.

त्यांनी ते इतक्या हळू म्हटलं, की जावईबापू लिहीतच राहिले. वहिनींनी हात पुढे करून पेन धरलं. "ते थांबा म्हणतायत."

दादा उठून शेडच्या भिंतीकडे गेले. तिथे पांढऱ्या खुर्च्या एकात एक घालून उंच थप्प्या लावलेल्या होत्या. रस्त्यावरून येणाऱ्याला पहिल्या त्याच दिसत.

"मास्तर, इकडे ये. मोज."

"काय मोजू?"

"खुर्च्या. आज एकही ऑर्डर नाही, सगळा माल आत आहे. एका थप्पीत दहा. मोज."

मास्तर मोजू लागले. पोरांना दहादहाचे गठ्ठे करून शिकवत, तसंच बोट लावून. एक थप्पी, दोन थप्प्या. पुढची रांग सतरा भरली. मागच्या रांगेतही सतरा. त्याच्या मागे तिसरी रांग असायला हवी होती. तिथे रिकामी खोकी रचून वर ताडपत्री टाकलेली होती, खुर्च्यांच्याच उंचीची.

"चौतीस," मास्तर म्हणाले. "तीनशे चाळीस."

"तीनशे चाळीस," दादा म्हणाले. "वडील गेले तेव्हा चारशे होत्या. साठ मोडल्या. नवीन एकही घेतली नाही."

"पण बाहेर पाटीवर 'हजार खुर्च्या' लिहिलंय!" जावईबापूंचा आवाज चिरकला.

"लिहिलंय. मीच रंगवून घेतलं. मोठी ऑर्डर आली, की पलीकडच्या दुकानातून गुपचूप मागवतो. त्याला कमिशन देतो, तो तोंड बंद ठेवतो."

"मग सभेत सहाशे कुठून आल्या?"

"नव्हत्याच. या खेपेला त्याच्याकडे कसं मागणार? आपल्याविरुद्ध हरला तो त्याचाच मेहुणा. आपल्याच तीनशे चाळीस हात-हात अंतरावर मांडल्या. मैदान भरलेलं दिसतं. मागे उभे असतात ते लोक सोडून बसलेले कोण मोजतो? मी सगळ्यांना सहाशे म्हणून सांगितलं. सांगून सांगून मलाही खरं वाटायला लागलं होतं."

मास्तर त्या थप्प्यांपुढे उभे राहिले. चौतीस वर्षं त्यांनी गावाला मोजायला शिकवलं होतं. या शेडमध्ये रोज संध्याकाळी पेपर वाचायला येऊन बसत होते. एकदाही थप्प्यांवरून बोट फिरवावंसं वाटलं नव्हतं.

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"धुते कोण त्या?" वहिनी म्हणाल्या.

जावईबापूंनी मात्र तोवर गुणाकार केला होता. तीनशे चाळीस, पाच सभा, बारानं. वीस हजार चारशे. एक लाख बेचाळीस हजार. त्यांनी तो दोनदा केला आणि मग टेबलावर डोकं टेकून नुसते हसू लागले.

"मर्यादेत आहे," ते म्हणाले. "खरं लिहिलं तर मर्यादेत आहे. नियम असा..." पुढे काय नियम ते त्यांना आठवेना.

"पण हा कागद सगळ्यांना बघता येतो," बेबी म्हणाली. "नक्कल कचेरीच्या फळ्यावर लागते. बाबा, पलीकडचा दुकानदार पहिल्यांदा तेच वाचायला जाईल. उद्या गावभर होईल, की हजार खुर्च्यावाल्याकडे तीनशे चाळीस आहेत."

"होईल," दादा म्हणाले. त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला, थोडा जास्तच जोरात. "पण हा माणूस माझ्या खोट्या खुर्च्या स्वतःच्या डोक्यावर घ्यायला निघाला होता. बाराशे. एवढ्या त्याच्या डोक्यावर मावत नाहीत. लहान आहे ते."

तीन वाजता ते चौघं कचेरीत पोचले. दादा, जावईबापू, बेबी आणि मास्तर. काकू आणि वहिनी शेडमध्येच राहिल्या. त्यांच्या मते एका दिवसाला एवढी पुरुषांची कबुली पुरे होती.

खिडकीमागची बाई तरुण होती, चष्मा दोरीला बांधलेला. ती मास्तरांची विद्यार्थिनी नव्हती, हे तिच्या अक्षरावरून लगेच कळत होतं. तिनं बेबीची फाईल पान न पान बघितली, पावत्या मोजल्या, खुर्च्यांच्या रकान्यापाशी थांबली, दरपत्रकाशी ताडून पाहिलं आणि शिक्का मारला. मग मास्तरांची पातळ फाईल उघडली.

"छपाई, साडेचारशे. बरोबर, प्रत आमच्याकडे आहे." तिनं खणातून पत्रक काढून पाहिलं. "टाइप फार मोठा आहे हो."

"वाचायला सोपा पडावा म्हणून."

"वाटप कुणी केलं?"

"मुलांनी."

"त्यांना मजुरी किती दिली?"

"मजुरी नाही," मास्तर म्हणाले. "गृहपाठ होता."

बाईंनी चष्मा काढला, त्यांच्याकडे नीट बघून घेतलं आणि पुन्हा लावला. "आजोबा, प्रचाराला मुलं लावता येत नाहीत. कारवाई करण्यासारखं आहे हे. ताकीद म्हणून नोंद करते. इथे सही करा."

"करतो," मास्तर म्हणाले. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रगतिपुस्तकावर शेरे लिहिले होते. पहिला शेरा स्वतःला मिळाला आणि तोही रास्त होता. "अनामत रक्कम?"

"ती गेली. एकूण मतांच्या आठव्या हिश्श्याएवढी मतं लागतात. तुम्हाला साधारण..." तिनं हिशेब केला आणि दयाबुद्धीनं सांगितला नाही.

बाहेरच्या फळ्यावर शिपायानं नकला टाचल्या, तेव्हा एक माणूस वही घेऊन तिथे उभाच होता. पलीकडच्या दुकानातला मुनीम. तो खुर्च्यांच्या रकान्यापाशी वाकला, डोळे बारीक करून पुन्हा वाकला. दादा त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मास्तरांना वाटलं, आता भांडण होतंय.

"तीनशे चाळीस," दादा म्हणाले. "तीन, चार, शून्य. नीट लिहा. आणि मालकांना सांगा, पुढच्या महिन्यात दोन मोठ्या ऑर्डरी आहेत, साडेतीनशे लागतील. उघड भाड्यानं घेईन, पावती द्या म्हणावं."

मुनीमानं भांबावून तेही लिहून घेतलं.

दादा आणि जावईबापू पुढे निघाले. दादा जावईबापूंना पाटी रंगवणाऱ्याचे दर विचारत होते आणि जावईबापू त्यातही नियम सांगत होते. बेबी स्कूटरपाशी थांबली. मास्तर तिच्याजवळ गेले.

"एक विचारू?" ती म्हणाली.

"विचार."

"मतदानाच्या दिवशी तुम्ही कुणाला मत दिलंत?"

मास्तरांना हे विचारलं जाईल असं सकाळपासून एकदाही वाटलं नव्हतं. दिवसभरात हाताळलेल्या सगळ्या कागदांना पावत्या होत्या, शिक्के होते, छापखान्याच्या प्रती होत्या. या एका गोष्टीला काही म्हणजे काही पुरावा नव्हता. आडोशामागे ते एकटे होते. तिथे त्यांनी बराच वेळ घेतला होता, इतका की बाहेरून कुणीतरी खाकरलं होतं. 'तुलाच' एवढा एक शब्द म्हटला असता तर जगातली कुठलीही कचेरी तो खोटा ठरवू शकली नसती. आणि बेबीला बरं वाटलं असतं.

"मला," ते म्हणाले. "मी मला दिलं, बेबी. शेवटपर्यंत तुझ्या निशाणीवर हात होता. मग म्हटलं, एवढी पत्रकं छापली आणि मीच नाही दिलं तर कोण देणार? लाज वाटली, पण दिलं."

बेबीनं स्कूटरची किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली नाही. तिनं पुन्हा फिरवली.

"मला तेच वाटलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही 'तुला' म्हणाला असतात ना, तर मला कळलं असतं. आणि मग पाच वर्षं मला तुमच्याशी नगरसेविकेसारखं बोलावं लागलं असतं."

"म्हणजे कसं?"

"हो काका, बघते काका, नक्की करू काका."

मास्तरांना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, म्हणून त्यांनी चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यात गाडी सुरू झाली.

"आता कसं बोलशील?"

"आता बोलत नाहीये. दोन दिवस मी तुमच्यावर रागावलेली आहे. तेही पूर्ण होऊ द्या." तिनं मागच्या सीटवर थाप मारली. "बसा. आणि दोन्ही हातांनी धरा, तुम्हाला तोल सांभाळता येत नाही."

मास्तर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी धरलं.